न कसलेलं शेत

नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यापाशी लोक थांबतात ते कोरीव दरवाजा पाहायला. ओसरीच्या पूर्वेकडच्या भिंतीवर, अगदी छताला लागून, ब्राह्मी अक्षरांच्या काही ओळी आहेत. त्यांच्याकडे मान वर करून फारसं कोणी पाहत नाही. पाहिलं तरी राजाची स्तुती असेल असं समजून पुढे जातात. प्रत्यक्षात तो जमिनीचा कागद आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावरचा फेरफार.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी गोवर्धनच्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला हुकूम पाठवला. पश्चिम काखडी गावातलं, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेलं दोनशे निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे याच लेण्यांतल्या, भिक्षूंना द्यावं. राजाच्या माणसांनी त्या शेतात शिरू नये, त्याला हात लावू नये, मिठासाठी ते खणू नये, अशा सवलतीही सोबत होत्या. सगळं रीतसर झालं. मग सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, त्याच भिंतीवर दुसरा हुकूम कोरावा लागला. तो राजा आणि राजमाता अशा दोघांच्या नावाने आहे आणि या वेळचा अमात्य श्यामक आहे. आधी दिलेलं काखडीचं शेत कोणी कसत नाही, ते गावही आता वसतं राहिलेलं नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या राजाच्या जमिनीतून शंभर निवर्तनं द्यावीत, असं त्यात लिहिलं आहे. शेवटी प्रतिहारीचं, म्हणजे द्वारपालाचं, काम करणाऱ्या लोटा नावाच्या बाईचा उल्लेख येतो. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या कारभारात एका बाईचं नाव असं सहज येऊन जातं.

काखडी का उठलं, हे लेखात नाही. पण उषवदाता हा क्षहरात घराण्यातल्या नहपान या शक क्षत्रपाचा जावई, आणि गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला तो याच मुलुखात. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी इथे १९०६ साली नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यातल्या नऊ हजारांपेक्षा जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता. विजयाचा हा पुरावा इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात असतो. त्याच युद्धाची दुसरी बाजू कदाचित लेण्याच्या भिंतीवर आहे. तिथे एक गाव ओस पडलं आहे आणि दोनशे निवर्तनं जमीन कुळाविना पडून आहे. ही दोन्ही साधनं शेजारी ठेवून वाचली पाहिजेत, असं वाटत राहतं.

उषवदाताच्या स्वतःच्या दानलेखातही शेतीच आहे. चिखलपद्र नावाच्या गावातली आठ हजार नारळाची झाडं त्याने देऊन टाकली होती. जुन्नरच्या लेण्यांत एका शक उपासकाने वीस निवर्तनांचं उत्पन्न करंजाची झाडं लावण्यासाठी आणि नऊ निवर्तनांचं वडाची झाडं लावण्यासाठी श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाकडे, ठेवलं. म्हणजे लेणी डोंगरात खोदलेली असली तरी त्यांचा खर्च खालच्या काळ्या जमिनीतून निघत होता.

काखडीचं ते शेत आज कुठे आहे, हे कोणी बोट ठेवून दाखवू शकत नाही. किल्ला ढासळला तरी दगड राहतात. शेत मोडलं की चार पावसाळ्यांत बांध विरतात आणि तिथे गवत, बाभळी येतात. नांगराची रेघ ही माणसाने जमिनीवर काढलेल्या खुणांतली सर्वांत कच्ची खूण. ती टिकली तर दोनच रीतींनी टिकते. एक तर ती एकाएकी मातीखाली झाकली जाते, नाहीतर माणसं दरवर्षी ती नव्याने काढत राहतात.

झाकल्या गेलेल्या शेताचं भारतातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण राजस्थानात, हनुमानगढ जिल्ह्यातल्या कालीबंगनला आहे. ब्रजबासी लाल आणि बी. के. थापर यांच्या नेतृत्वाखाली १९६०च्या दशकात तिथे उत्खनन झालं, तेव्हा वस्तीच्या तटाबाहेर नांगरटीच्या रेघा जशाच्या तशा सापडल्या. काळ इसवी सनापूर्वी सुमारे २८००. रेघा उभ्याही होत्या आणि आडव्याही. पूर्व-पश्चिम तासांत अंतर सुमारे ३० सेंटिमीटरचं, तर दक्षिण-उत्तर तासांत सुमारे १९० सेंटिमीटरचं. एवढं वेगवेगळं अंतर कशासाठी, हे कोडं पुस्तकांत सुटलं नाही, ते जवळच्या रानात सुटलं. त्या भागातले शेतकरी अजूनही दाट तासांत हरभरा आणि विरळ तासांत मोहरी असं एकाच शेतात पेरत होते. पावणेपाच हजार वर्षांपूर्वीच्या शेताचा खुलासा करायला शेजारचा शेतकरी पुरला.

महाराष्ट्रात इतकी सुबक नांगरट सापडलेली नाही. पण घोड नदीच्या काठी जे सापडलं, ते माझ्या लेखी त्याहून मोलाचं आहे.

इनामगाव पुण्याच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यात. नदीच्या उजव्या काठावर पांढरीची टेकाडं होती. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राखट माती. काळी कसायची आणि पांढरी राहायची, हा भेद प्रत्येक गावकऱ्याला ठाऊक असतो, आणि पुरातत्त्वज्ञही पांढरीचाच माग काढत जातात. हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांनी डेक्कन कॉलेजतर्फे १९६८ ते १९८३ या काळात इथे बारा हंगाम खोदकाम केलं. शंभराहून अधिक घरं उघडी झाली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं इथे एकामागून एक पिढ्या नांदल्या. आधी माळवा संस्कृतीचे लोक, मग जोर्वे संस्कृतीचे. जोर्वे हे नाव संगमनेरजवळच्या प्रवरेकाठच्या गावावरून पडलं.

ते काय खात होते, हे चुलींच्या राखेतल्या आणि कणगीच्या तळाच्या जळक्या दाण्यांवरून कळलं. जळालेला दाणा कुजत नाही. म्हणून पुरातत्त्वाच्या दृष्टीने करपलेलं जेवण फार उपयोगाचं. वनस्पती-अवशेषांचे अभ्यासक काजळे यांनी ते दाणे एकेक करून ओळखले. सगळ्यांत जास्त जव म्हणजे सातू, त्याखालोखाल गहू, शिवाय मसूर, वाटाणा, कुळीथ, वाल आणि बोरं. यातले कुळीथ आणि वाल आजही त्याच परिसरातल्या स्वयंपाकघरात शिजतात. कुळथाचं पिठलं करणाऱ्या घरात साडेतीन हजार वर्षांची सलग परंपरा चालू असते, ही कल्पना मला कोणत्याही शिलालेखाइतकी थोर वाटते.

हा प्रदेश पर्जन्यछायेचा. पाऊस लहरी, आणि गहू तर हिवाळ्यातलं पीक. नुसत्या आभाळाच्या भरवशावर गहू होत नाही. उत्खननकर्त्यांना त्याचं उत्तर वस्तीच्या कडेला मिळालं. दगड आणि मातीचा एक बांध, सुमारे २४० मीटर लांब आणि २.२ मीटर रुंद. त्याच्या लगत एक चर, सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. पावसाळ्यात घोडेला पूर आला की पुराचं पाणी या चरात वळवायचं, असा त्याचा अर्थ ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. काळ आद्य जोर्वे, म्हणजे इसवी सनापूर्वी १४०० ते १०००च्या दरम्यान.

हे काम डोळ्यांपुढे आणून पाहावं. काठ उभे धरले तर त्या चरातून २८०० घनमीटर माती निघाली. लोखंड अजून आलेलं नव्हतं. तांबं होतं, पण थोडं. पिकं कापायला अकीकाच्या जातीच्या दगडाची बोटाएवढी पाती, आणि खणायला मुख्यतः लाकूड. भीमा आणि मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या वाळकी या त्याच काळातल्या छोट्या वस्तीत तर गुराच्या हाडाचा फाळ मिळाला. अशा हत्यारांनी पुरुषभर उंचीच्या दुप्पट खोलीचा चर एका घरच्या चार माणसांना कधीच खणता आला नसता. कोणीतरी कामाच्या पाळ्या लावल्या, वाद मिटवले, गाळ उपसायचे दिवस ठरवले. ते ठरवणारं घर कोणतं, याचाही अंदाज उत्खननात आला. वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक घर होतं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. ढवळीकरांनी ते गावप्रमुखाचं मानलं. बांध, चर आणि कोठार या तिन्हींचा संबंध जोडला की इनामगाव ही नुसती झोपड्यांची दाटी राहत नाही. पाण्याभोवती एकत्र आलेला तो एक गाव दिसू लागतो.

आणि मग तो गाव मोडत गेलेलाही दिसतो. इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास हवामान कोरडं होऊ लागलं. उत्तर जोर्वे थरांत गहू जवळपास नाहीसा होतो, मोठी चौकोनी घरं जातात आणि लहान गोल खोपटी येतात. हाडांमध्ये शेळ्यामेंढ्या आणि शिकारीच्या हरणांचं प्रमाण वाढतं. जॉन लुकॅक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इथल्या सांगाड्यांचा अभ्यास केला. लहान मुलांना घरातच, जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरत असत. त्या मुलांच्या दुधाच्या दातांवर वाढ खुंटल्याच्या खुणा आहेत. आईच्या पोटात असताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत उपासमार किंवा आजार झाला की दाताचं वरचं कवच नीट बनत नाही, आणि ती उणीव कायमची राहते. शेतातला दुष्काळ जमिनीवर उरला नाही, तो त्या दातांवर उरला. इसवी सनापूर्वी ७००च्या आसपास इनामगाव उठलं ते उठलंच. चर गाळाने भरला, आणि भरला म्हणूनच आपल्याला मिळाला.

मधल्या शतकांतल्या खुणा जमिनीपेक्षा भाषेत जास्त टिकल्या. मराठी दप्तरांत बागायताचे दोन प्रकार लिहिलेले सापडतात, पाटस्थळ आणि मोटस्थळ. पाटाच्या पाण्यावरची जमीन आणि मोटेच्या पाण्यावरची जमीन. दोन्हींवरचा सारा वेगळा, कारण दोन्हींमागचे कष्ट वेगळे. मोटा गेल्या, इंजिनं आली, मग विजेचे पंप आले, तरी जुन्या विहिरीच्या काठाला धाव अजून दिसते. बैल मोट ओढत ज्या उताराने खाली जायचे आणि मागे सरत वर यायचे, ती ही धाव. कोणाच्या तरी चार-सहा पिढ्यांच्या बैलांनी ती दाबली आहे. तिच्यावर आता तण असतं, पण पावसाळ्यानंतर ऊन तिरपं पडलं की तिचा उतार लांबूनही ओळखू येतो.

पाटस्थळाची गोष्ट मात्र खानदेशात जाऊन पाहायला हवी. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आराम, गिरणा या नद्यांवर निदान तीनशे वर्षांपासून फडपद्धत चालत आली. इथे खुणा झाकून राहिल्या नाहीत. लोकांनी त्या वापरल्या म्हणून राहिल्या.

नदीच्या पात्रात दगडी बंधारा. तो धरणासारखा पाणी साठवत नाही, नुसती पातळी उचलतो. त्यातून निघतो कालवा, दोनपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे सारंग, आणि जादा झालेलं पाणी परत नाल्यात सोडायला सांडवे. या पाण्याखाली येणारी जमीन बहुधा चार फडांत वाटलेली, एकेक फड सरासरी शंभर-सव्वाशे हेक्टरांचा. दरवर्षी गाव बसून ठरवतं की कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक आणि कोणता फड या वर्षी कोरडा ठेवायचा. एका फडात एकच पीक. मग जमीन कोणाचीही असो.

हा नियम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जाचक वाटतो. पण त्याच्या पोटात दोन मोठ्या गोष्टी आहेत. शेजारच्या वावरात ऊस आणि आपल्यात बाजरी असली तर उसाचं पाणी झिरपून बाजरी पिवळी पडते आणि भांडण कोर्टात जातं. सगळ्यांचं पीक एक असलं की सगळ्यांची तहान एकाच दिवशी लागते. दुसरी गोष्ट जमिनीच्या वाटणीची. खातेदाराचा तुकडा एकाच ठिकाणी नसून वेगवेगळ्या फडांत असावा, अशी ही रचना. त्यामुळे पाणी कमी पडलेल्या वर्षी एक फड कोरडा ठेवला तर तोटा एकट्यादुकट्याच्या डोक्यावर पडत नाही, सगळ्यांना थोडा थोडा सोसावा लागतो.

शेताला पाणी मालकाने द्यायचं नाही. ते काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचं. तो सारंगाच्या काठाने चालतो, फावड्याने दारं मोडतो, वाफ्याच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पाणी चढलं की मातीचं ढेकूळ पायाने दाबून दारं बंद करतो आणि पुढच्या वावराला लागतो. पाटलाचं वावर असो की विधवेचं, पाणी क्रमानेच येणार. पिकाची राखण जागल्या करतो, आणि या सगळ्यांवर देखरेख गावाने निवडलेल्या पंचांची. मोबदला पूर्वी धान्यात, पिकाच्या हिशेबाने.

१८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा तरुण इंजिनिअर मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाला आणि लवकरच खानदेशात आला. पांझरेच्या परिसरात दातर्ती इथे नाल्यापलीकडे पाणी नेणारी नळांची वक्रनलिका बांधणं, हे त्याच्या पहिल्या कामांपैकी एक. पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर पुण्याकडे नीरा कालव्यावर त्याने ब्लॉक पद्धत आणली. जमिनीचे गट पाडायचे, गटांत पिकं आलटून पालटून घ्यायची आणि पाणी ठरल्या पाळीनेच द्यायचं. खानदेशातले फड त्याने पाहिलेले होते. विश्वेश्वरय्यांच्या नावाने जे कौतुक होतं ते योग्यच आहे. त्यात पांझराकाठच्या अनाम पाटकऱ्यांचाही वाटा मानायला हवा.

आज पांझरेवर वर लाटीपाडा आणि अक्कलपाडा ही धरणं आहेत, मोसमेवर हरणबारी आहे. नदी पूर्वीसारखी आपल्या मनाने वाहत नाही, सोडलेल्या पाण्यावर वाहते. ज्याच्या वावरात विहीर किंवा बोअर आहे त्याला पाळीची वाट पाहायची गरज उरलेली नाही, आणि ज्याला गरज नाही तो एक पीक घेण्याचा नियमही पाळत नाही. कित्येक ठिकाणी बंधाऱ्याचे दगड जागेवर आहेत, कालव्याची रेघ आहे, पण फड फुटले आहेत.

गोव्यात हीच गोष्ट खाऱ्या पाण्याशी घडली. मांडवी आणि झुवारीच्या काठांवर, भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली सुमारे १८ हजार हेक्टर जमीन खाजण म्हणून ओळखली जाते. तिवरांची दलदल बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेली ही शेती. बांदोड्याला सापडलेल्या, कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ हा शब्द आहे, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीही ही जमीन ओळखीची होती. पोर्तुगीज आले तेव्हा गावोगावच्या गावकाऱ्या, म्हणजे गावाच्या सामाईक संस्था, हे बांध सांभाळत होत्या. पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशियाने १५२६ साली गावकऱ्यांचे हक्क आणि रीती लिहून घेतल्या, कारण ती घडी मोडली तर महसूलही बुडेल, हे नव्या राज्यकर्त्यांना कळत होतं.

खाजणाचा जीव मानशीत असतो. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. कोकणात, रायगडच्या खारेपाटात, तिला उघाडी म्हणतात. भरती आली की पाण्याच्या जोराने दार आपोआप मिटतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या भाराने उघडतं. हाताने काही करावं लागत नाही. संध्याकाळी मानशीशेजारी उभं राहिलं तर आधी लाकूड दगडावर बसल्याचा दबका आवाज येतो, मग फटींतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडतात, आणि बघता बघता बाहेरचं पाणी आतल्या शेतापेक्षा हातभर उंच होतं. ओहोटीला दाराशी जाळं लावून मासे धरतात. त्या मासेमारीच्या लिलावाचे पैसे बांधाच्या दुरुस्तीला लागत. पावसाने मातीतलं मीठ धुऊन काढलं की कोरगूट भात पेरायचा. थोडा खारटपणा सोसणारी ही जात, आणि कितीतरी पिढ्यांच्या बायकांनी निवडून ठेवलेल्या बियाण्यातून ती घडली.

१९६४च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण बांधाची जबाबदारी गावकारीकडून कुळांच्या संघांकडे गेली आणि बऱ्याच ठिकाणी ती मधेच कुठेतरी पडली. खनिज नेणाऱ्या बार्जांच्या लाटांनी नदीकाठचे बांध खचत गेले. मानशीच्या मासेमारीचा पैसा वाढला, तसं दार शेताच्या सोयीने न लावता माशांच्या सोयीने उघडं ठेवण्याची लालूचही वाढली.

बांधाला एकदा भगदाड पडून खारं पाणी आत बसलं की त्या वर्षीचा भात जातो आणि पुढची काही वर्षंही हलकी जातात. दुरुस्ती लांबली की कूळ पेरणी सोडतं. भरतीबरोबर तिवरांच्या शेंगा आत येतात, चिखलात उभ्या रुततात आणि थोड्याच वर्षांत डोक्याएवढी झाडी होते. तिसवाडीत किंवा सासष्टीत अशा एखाद्या खाजणाच्या कडेला ओहोटीच्या वेळी थांबलं तर झाडांच्या मुळ्यांमधून जुन्या मेरा, म्हणजे वाफ्यांचे बांध, दिसतात. त्या अजून सरळ आहेत, काटकोनात वळतात, आणि एका मेरेच्या कोपऱ्यात वाफ्यात पाणी घेण्याचं तोंड दगड लावून बुजवलेलं तसंच आहे.